ओजसचं जावळ

मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या त्या गल्लीत चित्रलेखा दातार यांना नावानं ओळखणारं कुणी नव्हतं. शेजारच्या मयूरापासून कोपऱ्यावरच्या पंजाबी म्हातारीपर्यंत सगळ्यांना त्या ओजसची आजी होत्या आणि एवढी ओळख त्यांना पुरत होती. पुण्याला बिबवेवाडीत त्यांनी पंचवीसेक वर्षं पाळणाघर चालवलं होतं. नवरा दत्तात्रय वीज मंडळात. त्याच्या पगारात फ्लॅट झाला आणि दुसऱ्यांची पोरं सांभाळून एकुलत्या एका नचिकेतचं परदेशातलं शिक्षण. कुठलं पोर भुकेनं रडतंय आणि कुठलं आईवर रुसून, हे त्यांना स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावर कळे. बायका त्यांच्या हातात पोर द्यायच्या आणि मागे वळूनही न बघता ऑफिसला जायच्या. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

नचिकेत शिकायला कॅनडात सास्काटूनला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि तिथेच टॅनिसशी त्याचं जुळलं. टॅनिस नर्स होती. तिचे लोक क्री, म्हणजे गोरे तिथे पोचले त्याच्या कितीतरी आधीपासून त्या मुलखात राहणारे. नचिकेतनं हे फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. धाकट्या नणंदेनं, सुखदानं, मात्र सगळ्या नातेवाइकांना एका ओळीत कळवलं, ‘नचिकेतनं रेड इंडियन केली.’ बाई त्या दिवशी रडल्या. मग डोळे पुसून कॅनडाच्या व्हिसाच्या मागे लागल्या. मुलगा तुटण्यापेक्षा सून कशीही चालेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दत्तात्रय वर्षापूर्वीच गेला होता. आता दुसरं होतं कोण?

लग्न जूनमध्ये झालं. सास्काटूनहून सगळे गाडीनं उत्तरेला टॅनिसच्या गावी निघाले. पहिले काही तास नुसती शेतं, पोळपाटासारखी सपाट, आणि वर एवढं मोठं आभाळ की बाईंना गाडीतसुद्धा उघड्यावर बसल्यासारखं वाटलं. मग शेतं संपली आणि जंगल सुरू झालं, ते संपेचना. काळसर हिरवी सरळसोट झाडं, मध्येच उघडा खडक, आणि दर वळणाला एक तळं. नकाशात तो भाग हिरव्यापेक्षा निळाच जास्त होता. शेवटी रस्ताच संपला, पुढे बोट. हिवाळ्यात हेच पाणी इतकं घट्ट गोठतं की वरून ट्रक जातात, असं टॅनिसचा भाऊ एल्डन बोट चालवता चालवता म्हणाला. बाईंना वाटलं, आपली थट्टा करतोय.

टॅनिसची आई बर्निस बाईंच्याच वयाची होती. ठेंगणी, जाड वेणीची, कमी बोलणारी. तिनं सगळ्यांदेखत नचिकेतच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाली, “चला, एकदाचा घरात खरा इंडियन आला. आजवर लोक आम्हालाच म्हणत होते.” सगळे हसले. बाईंना विनोद जेवताना कळला, तेव्हा त्या एकट्याच हसल्या.

तिथल्या बऱ्याच पुरुषांच्याही वेण्या होत्या. एल्डनचे केस तेवढे आखूड, नुकतेच वाढू लागलेले. आदल्या हिवाळ्यात वडील गेले तेव्हा त्यानं वेणी कापून त्यांच्याबरोबर ठेवली, असं नचिकेतनं सांगितलं. दत्तात्रय गेला तेव्हा नचिकेतनंही डोकं भादरलं होतं. “अगदी आपल्यासारखंच की,” बाई म्हणाल्या. पुण्याला परतल्यावर सुखदाचं तोंड बंद करायला हे त्यांना फार उपयोगी पडलं. पुढे ते मागे पडलं.

मग नचिकेतला मेलबर्नला नोकरी मिळाली. तीन-चार वर्षं बघू म्हणून टॅनिस त्याच्याबरोबर आली आणि ओजस तिथेच झाला. तो दहा महिन्यांचा असताना बाई तीन वर्षांच्या व्हिसावर येऊन पोचल्या. टॅनिसनं ओजसला त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेव्हापासून दिवसभर तो त्यांच्याच जवळ. नचिकेत सकाळी गाडीनं स्टेशनला आणि तिथून ट्रेननं शहरात जाई. टॅनिसच्या हॉस्पिटलच्या शिफ्टा. चाइल्डकेअरचा विषय निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, “माझ्यासारखी घरात असताना?” आणि विषय संपला.

तिकडची आजी ओजसला फोनवर भेटे. तिला तो त्यांच्या भाषेत कोकुम म्हणे. बाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, “आमच्याकडे ते आमटीत घालतात.” नचिकेतनं भाषांतर करून सांगितल्यावर टॅनिस पोट धरून हसली. तेव्हा त्या घरात असं हसणं होतं. टॅनिस त्यांना आई म्हणे, सावकाश, त्यांना कळेल अशा इंग्रजीत बोले, वरण-भात हातानं खाई. सून म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे बाई फोनवर पुण्यात सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात थोडी निराशा असे.

एकच गोष्ट होती. ओजसचे केस. टॅनिस रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी त्याला दोन गुडघ्यांमध्ये बसवी, त्याचे केस विंचरी, आणि गुणगुणत त्याची वेणी घाली. कितीही घाई असली तरी ते काम ती दुसऱ्या कुणावर सोपवत नसे. एकदा बाईंनी सुचवून पाहिलं की उन्हाळा वाढलाय, पोराच्या मानेला घाम येतो, जरा कापले तर? टॅनिस हसून म्हणाली, “नाही आई. आमच्यात मुलांचे केस असे कापत नाहीत.” आणि वेणीला रबर लावून टाकलं.

‘आमच्यात’ हे बाईंनी ऐकलं आणि त्यांच्या मनात लगेच दुसरं ‘आमच्यात’ उभं राहिलं. पोर काय एकाच घरचं असतं?

गोष्ट मनातच राहिली असती, पण महाराष्ट्र मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम आला. एका शाळेचा हॉल होता. मिताली नावाची सेक्रेटरी माइकवर आली. दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाचतात तसं, या भूमीच्या मूळ रहिवाशांना, बुनुरोंग लोकांना आणि त्यांच्या वाडवडिलांना आम्ही आदरपूर्वक वंदन करतो, असं तिनं वाचून दाखवलं. वाचता वाचता ती मागच्या पोराला स्पीकरची शिट्टी बंद कर म्हणून हातानं खुणावत होती. हॉलमध्ये लोक खुर्च्या ओढत होते. टॅनिस उभी राहून ऐकत होती. मग गणेशवंदना झाली, आणि मग चहा.

चहाच्या रांगेत एका बाईनं ओजसची वेणी हातात घेतली आणि विचारलं, “किती गोड गं तू! नाव काय तुझं?” नातू आहे, असं बाईंनी सांगितल्यावर ती म्हणाली, “अगंबाई, मग जावळ नाही केलं अजून?” मयूरा मागेच होती. ती म्हणाली, “काकू, तुम्ही घरात असून राहिलं होय? तिसरं संपायच्या आत करून टाका, नाहीतर मग पाचव्यापर्यंत थांबा.”

तुम्ही घरात असून. बाकीचं बाई विसरल्या असत्या, हे विसरल्या नाहीत. ज्यांच्या पाळणाघरातल्या कितीतरी पोरांच्या जावळाला त्यांना मानानं बोलावणं असे, त्यांचाच नातू तसाच राहिला होता. सुखदानं कार्यक्रमाचे फोटो पाहून लिहिलं होतं, ‘नात छान दिसते.’ खाली हसऱ्या तोंडांची रांग.

त्यांनी नचिकेतच्या मागे लागायला सुरुवात केली. नचिकेत आधी म्हणाला, बघू. मग म्हणाला, टॅनिसशी बोलतो. तो बोलला नाही. असल्या वेळी घरातून गॅरेजमध्ये जाऊन काहीतरी आवरायची त्याची लहानपणापासूनची सवय होती. पुण्यात गॅरेज नव्हतं म्हणून तेव्हा गच्चीवर जायचा. ओजसचा तिसरा वाढदिवस मेमध्ये होता. एप्रिलच्या मध्यावर बाईंनी त्याला ऑफिसात फोन केला आणि सांगितलं की गुरुवारी दिवस चांगला आहे, टॅनिस सकाळच्या शिफ्टला आहे, मयूराचा नवरा यतीन मामा म्हणून बसायला तयार आहे, मी उरकून घेते. पलीकडे लोकांचे आवाज येत होते.

“आई, मी मीटिंगमध्ये आहे,” नचिकेत म्हणाला. “तुला काय करायचं ते कर. मला नको मध्ये घेऊस.”

टॅनिसला विचारावं, हे बाईंच्या मनात आलं नाही असं नाही. विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून विचारलं नाही. त्यांच्या पाळणाघरात आईला विचारल्याशिवाय कुणाच्या पोराचं नखसुद्धा कापलेलं नव्हतं. पण ती दुसऱ्यांची पोरं होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी ओजसला नवा झब्बा घातला. नारळ आणि कुंकू मागच्याच आठवड्यात डँडेनॉन्गच्या भारतीय बाजारातून आणून ठेवलं होतं. मागच्या अंगणातल्या पत्र्याखाली पाट मांडला. यतीननं वर्क फ्रॉम होम घेतलं होतं. तो मांडी घालून बसला, त्याच्या मांडीवर ओजस. खरा मामा एल्डन वणवे विझवायच्या नोकरीत जगाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि त्याला काही कळवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मयूरा आत्या झाली. तिनं औक्षण केलं आणि केस झेलायला ताटलीत पोळी घेऊन उभी राहिली. यतीननं आधी कात्रीनं वेणी कापली, मग आपला दाढीचा ट्रिमर चालवला.

कात्रीला ओजस रडला नाही. तो पोळीवरच्या वेणीकडे बघत राहिला. मग डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, “पुट इट बॅक, आजी.”

मयूरा हसली. यतीन म्हणाला, “आता हँडसम दिसतोस, मेट.” ओजस पुन्हा तेच म्हणाला, आणि मग रडायला लागला, तो भुकेनंही नाही आणि रुसूनही नाही, तिसऱ्याच कुठल्यातरी आवाजात. बाईंनी त्याच्या तोंडात पेढा घातला. टक्कलावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. फोटो पुण्याला गेले. सुखदाचं उत्तर लगेच आलं, ‘आता कसा आपला दिसतो!’ दुपारी मयूरानं गाडीनं त्यांना समुद्रावर नेलं. बाईंनी हात जोडून केस पोळीसकट पाण्यात सोडले आणि त्यांना खरंच हलकं वाटलं. एक राहिलेलं काम झालं होतं.

टॅनिस चारच्या सुमाराला आली. दारातच तिला ओजस दिसला. ती ओरडली नाही. खाली बसली, त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला, आणि तसाच ठेवून राहिली. बाईंनी मनात तयार केलेली वाक्यं, आमची पद्धत, देवाचं काम, केस पुन्हा दाट येतात, ती इंग्रजीत जुळवायला लागल्या. टॅनिसनं एकच विचारलं.

“केस कुठे आहेत?”

“समुद्रात,” बाई म्हणाल्या. “विथ प्रेयर.”

टॅनिस ओजसला उचलून गाडीत बसवून निघून गेली. नचिकेतला मयूरानं फोन केला. तो आला आणि बाईंना घेऊन किनाऱ्यावर गेला. टॅनिस हॉस्पिटलच्या कपड्यांतच, ओजसला बरोबर घेऊन पाण्याच्या कडेनं चालत होती. त्या किनाऱ्यावर भरतीबरोबर आलेल्या शेवाळाचे काळे ढीग पडलेले असतात. ती एकेका ढिगाशी वाकून ते हातानं मोकळं करून बघत होती. लांबून ते केसांसारखंच दिसत होतं. नचिकेत तिच्याजवळ गेला, काहीतरी बोलला, तिनं मान हलवली आणि पुढच्या ढिगाशी गेली. बाई गाडीपाशी उभ्या राहिल्या. आपण काय केलंय हे त्यांना अजून कळलं नव्हतं. आपण घरातल्या घरात मिटेल असं काही केलेलं नाही, एवढं मात्र कळलं.

घरी आल्यावर टॅनिसनं नचिकेतला समोर उभं केलं आणि विचारलं, “तुला माहीत होतं?”

नचिकेतनं आईकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, “नाही.”

“तुला माहीत असतं तर मी ओजसला घेऊन उद्याच्या विमानानं घरी गेले असते,” टॅनिस म्हणाली. “आमच्यात केस कापणं म्हणजे काय, ते तुझ्या आईला माहीत नसेल. तुला मी सगळं सांगितलंय. माझ्या आईनं स्वतः सांगितलंय.”

बाईंच्या हातात आमटीचा डाव होता. त्यांना सगळं इंग्रजी कळत नसे, पण हे कळलं. विमान, घरी, ओजस. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “नोबडी न्यू. ओन्ली मी.” आणि आमटी ढवळायला परत गेल्या.

रविवारी टॅनिसनं आईला फोन लावला आणि बाईंना स्क्रीनसमोर बसवलं. “तुम्हीच सांगा,” म्हणाली. तिकडे आधी एल्डन आला. ओजसला पाहून त्याचा चेहरा उतरला, त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, “कोण गेलं?”

कुणी गेलं नाही, असं सांगायला बराच वेळ लागला.

मग बर्निस येऊन बसली. बाईंनी सॉरी म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. बर्निसनं ते ऐकून घेतलं. ती रागावलेली दिसत नव्हती. बाजाराची यादी सांगावी तशी ती सावकाश बोलत राहिली, आणि बाईंना त्यातलं सगळं कळलं.

“मी सहा वर्षांची होते. विमान आमच्या तळ्यावर उतरलं, पाण्यावर उतरतात तसलं. पोलीस उभा होता, म्हणून आई काही बोलली नाही. आम्हाला चर्चच्या शाळेत नेलं. तिथे पहिल्या दिवशी माझी वेणी कापली. आमच्यात केस कधी कापतात ते एल्डननं तुम्हाला दाखवलंय. मला वाटलं, आई मेली. वर्षभर मला तेच वाटत होतं. विचारायचं कुणाला, आमच्या भाषेत बोललं की मार मिळायचा. उन्हाळ्यात परत आणलं तेव्हा ती धक्क्यावर उभी होती. मी तिच्याजवळ गेले नाही. मला भीती वाटली तिची.”

मग ती म्हणाली, “जिनं कापले ती बाई दुष्ट नव्हती. हसरी होती. आपण चांगलंच करतोय असं तिला वाटत होतं. मी रडायला लागले तेव्हा तिनं माझ्या तोंडात गोड गोळी घातली. तुम्ही त्याला काय दिलंत?”

“पेढा,” चित्रलेखाबाई म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हा शब्द तिला कळणार नाही. “स्वीट,” त्या म्हणाल्या.

बर्निसनं मान डोलावली. हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, असं तिनं विचारलं. नचिकेत फ्रिजपाशी उभा होता. बाई म्हणाल्या, “सांगितलं असेल. माझं लक्ष नसेल.”

त्या वर्षी, बर्निसला विमानात बसवलं त्याच सुमाराला, चित्रलेखा दोन वेण्या आणि लाल रिबिनी लावून बिगारीतून पहिलीत गेली होती. फोन बंद झाल्यावर त्या बराच वेळ स्वतःच्या खोलीत बसल्या होत्या आणि त्यांना आईचे हात आठवत होते, केस ओढून घट्ट वेणी घालणारे. सांगावं असं कुणी नव्हतं. टॅनिसला सांगायची तर सोयच राहिली नव्हती.

पुढच्या सोमवारपासून ओजस चाइल्डकेअरला जाऊ लागला. टॅनिसनं बाईंना समोर बसवून सांगितलं की तुम्ही इथेच राहायचं, हे तुमचंही घर आहे, पण ओजसजवळ तुम्ही एकट्या असणार नाही. आवाज न चढवता सांगितलं. बाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या ती पूर्वीसारखीच आणून देई, डॉक्टरकडे नेई, भात हातानं खाई. भांडली असती तर बाईंना भांडता आलं असतं. आई म्हणायचं मात्र तिनं बंद केलं. दुसरं काही म्हणायला लागली असं नाही. हाक न मारता बोलू लागली.

बाई सकाळी ओजसचा डबा भरत. तो टॅनिसबरोबर गाडीत बसून जाई. मग दिवसभर घर. दुपारी मयूरा डोकवायची ती यायची कमी झाली. यतीन तर समोरून दिसला की मोबाइल काढी. मंडळातल्या बायकांत गोष्ट पसरली होती, पण त्यांच्या सांगण्यात टॅनिस फार कडक होती आणि एवढं काय झालं, केसच तर होते. बाईंच्या बाजूनं बोलणाऱ्या त्या बायकांशी बाईंना बोलवेना. ओजस येणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावर हात ठेवून सांगे, “आजी कट इट.” तक्रार म्हणून नाही, बातमी सांगावी तसं. कुरिअरवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “नो वरीज, बडी, दे ग्रो.”

एकदा डँडेनॉन्गला सामान आणायला जाताना गाडीत नचिकेत म्हणाला, “आई, तू तेव्हा बोलली नाहीस ते बरं केलंस.”

“तुझ्यासाठी नाही केलं.”

“मी सांगीन तिला. नीट वेळ बघून सांगीन.”

“नको सांगूस,” बाई म्हणाल्या. “सांगितलंस तर ती पोराला घेऊन जाईल. तुला सवय होईल. मला काय उरेल?”

नचिकेतनं रेडिओ लावला. त्याला सुटल्यासारखं वाटतंय, हे त्याच्या मानेवरून त्यांना दिसत होतं. चाळिशीला आलेल्या मुलाची मान आईला अजून वाचता येते.

हिवाळा गेला. ओजसच्या डोक्यावर काळेभोर, उभे केस आले. टॅनिस रोज सकाळी त्याला गुडघ्यांमध्ये बसवून, वेणी घालण्याजोगं काही नसतानाही, त्यांवरून कंगवा फिरवी. गुणगुणणं आता ऐकू येत नसे. किंवा दार लोटलेलं असल्यामुळे बाईंना ऐकू येत नसेल.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी टॅनिस कपडे वाळत घालत होती. नचिकेत घरात नव्हता. ओजस अंगणात बादलीतल्या पाण्यात पानं सोडत होता. बाई बाहेर आल्या. वाक्य त्यांनी सकाळपासून जुळवलं होतं. या घरात आल्यापासून नचिकेतला मध्ये न घेता त्यांनी सुनेकडे काही मागायची ही पहिलीच वेळ.

“टॅनिस, मी ओजसला पार्कात नेऊ? एकटी? अर्धा तास.”

टॅनिसनं हातातला टॉवेल दोरीवर टाकला, चिमटे लावले. मग त्यांच्याकडे वळली.

“मला एक खरं सांगा,” ती म्हणाली. “नचिकेतला माहीत होतं का?”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आता आपण हो म्हटलं तर ही आपल्यावर विश्वास ठेवेल, हे बाईंना स्पष्ट दिसलं. आजच्या आज ओजसचा हात आपल्या हातात देईल. आणि उद्या त्याला घेऊन निघून जाईल, त्या निळ्या तळ्यांच्या मुलखात, जिथे रस्ता संपतो. ओजस बादलीतून एक ओलं पान काढून त्यांना दाखवत होता.

“नाही,” बाई म्हणाल्या. “त्याला माहीत नव्हतं.”

टॅनिसनं खाली वाकून दुसरा टॉवेल उचलला.

“त्याचे केस खांद्याला लागू देत,” ती म्हणाली. “मग विचारा.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

व्हिसा मार्चपर्यंत होता. नवा काढायचा तर आधी देश सोडून काही महिने बाहेर राहावं लागतं आणि अर्ज मुलानं करायचा असतो. नचिकेत करीन म्हणाला, फाइल कंपनीतल्या एकाला दाखवतो म्हणाला, आणि जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. टॅनिसनं या बाबतीत काहीच म्हटलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पुण्याला निघाल्या. विमानतळावर टॅनिस ओजसला घेऊन आली होती. तिनं त्याला कडेवरून उतरवलं आणि आजीला बाय कर म्हणाली. बाई खाली बसल्या, त्याला जवळ घेतलं. टॅनिस दोन पावलांवर उभी होती. बाईंचा हात त्याच्या पाठीवर राहिला, वर डोक्याकडे गेला नाही. केस कानाखाली आले होते.